सही कुणाची?

(तुळिंज, नालासोपारा पूर्व इथं तरुण कामगारांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. दोनचार शिव्या तेवढ्या काढल्यात.)



मला भाषण येत नाही. तीस वर्षं वालीवच्या एका गाळ्यात पॉवर प्रेस चालवली. तिथं तोंड चाललं की बोट जातं. म्हणून आमच्यासारख्यांना गप्प राहायची सवय लागते आणि मालकाला वाटतं, माणूस समाधानी आहे. आज उभा केलाय तर बोलतो. विषय दिलाय ‘कामगारांचं प्रतिनिधित्व आणि युनियन’. भारी विषय आहे, त्यावर जाडजूड पुस्तकं असतील. मला त्यातला एकच शब्द कळतो : सही. माझ्या नावानं कोण सही करतो आणि करताना मला विचारतो का?

मागच्या रांगेत एक बाई बसल्यात. नाव घेत नाही, त्यांना आवडायचं नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी मला कंपनीच्या गेटवर एक प्रश्न विचारला होता. मी मान खाली घातली होती. त्या प्रश्नापाशी मी येणार आहे. आधी बापाचं सांगतो.

बाप परळच्या एका गिरणीत रिंगखात्यात. सातारा जिल्ह्यातनं आलेला. खातं त्यानं निवडलं नव्हतं. आज्जा रिंगखात्यात होता म्हणून बाप रिंगखात्यात. आणि आज्जा रिंगखात्यात का? तर विणाईखात्यात आपल्याला मज्जाव होता. पगार तिथं जास्त. पण धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. आज या तोंडानं, उद्या त्या तोंडानं. म्हारामांगाचं तोंड लागलं की सवर्णाचा धोटा बाटणार! यंत्र आलं विलायतेहून, पण बाटायला शिकलं ते आपल्या गिरणगावात.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा संप झाला. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच संपातली. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, आमच्या माणसांना सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क आहे ही मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर आमच्या माणसांना मी संपात यायला सांगणार नाही. पुढाऱ्यांनी नाइलाजानं मागणी घातली. आणि मालकांनी काय उत्तर दिलं ठाऊक आहे? ते म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. म्हणजे भांडवलदार कामगार पुढाऱ्याला सांगतोय, आरसा बघ! मालक काही धुतल्या तांदळाचा नव्हता, कामगार जातीजातीत वाटलेला त्याला हवाच होता. पण त्या दिवशी तो खरं बोलला, आणि ते खरं आजही बोचतं. कामगार म्हणून एक व्हा म्हणणाऱ्यानं आधी कामगारांतली कुठली तोंडं धोट्याला लावून घेतली नाहीत, ते सांगायला पाहिजे.

याचा अर्थ आपण युनियनपासून लांब राहायचं असा बाबासाहेबांनी काढला नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथं त्यांनी सांगितलं की या देशातल्या कामगाराला दोन दुश्मनांशी लढायचंय, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पुढारी मंडळी चिडली. म्हणाली, हे कामगारांत फूट पाडतायत. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, मुंबईच्या काँग्रेस सरकारनं संपाच्या हक्कावर गदा आणणारं औद्योगिक कलह विधेयक आणलं तेव्हा, स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटेवाले एकत्र रस्त्यावर उतरले. फूट पाडणारा माणूस संपात सगळ्यांच्या पुढं होता. हे कुणी शाळेत शिकवत नाही. शिकवतील कसे?

ते विधेयक रेटून कायदा झालंच. पुढं १९४६ मध्ये त्याची जागा मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं घेतली. बी.आय.आर. म्हणायचे त्याला गिरणगावात. म्हातारी माणसं हे नाव सावकाराचं नाव घ्यावं तसं घ्यायची. त्यातली मेख अशी. एका भागातल्या एका धंद्यात ठराविक टक्के सभासद दाखवले की एका युनियनला ‘प्रातिनिधिक युनियन’ ठरवायचं. मग तीच एक कामगारांच्या वतीनं बोलणार, तीच करार करणार. पंचवीस टक्के सभासद दाखवा आणि शंभर टक्क्यांचे बाप व्हा! मुंबईच्या गिरण्यांत ही गादी राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडं होती, काँग्रेसच्या इंटकवाली. परळला त्यांची मजदूर मंझिल. बाप तिथनं जाताना चालच वाढवायचा.

१८ जानेवारी १९८२. गिरण्या बंद. जवळजवळ अडीच लाख माणूस बाहेर. मी दहा वर्षांचा होतो. आदल्या दिवाळीत बोनसवरनं आग लागलेली. कामगार आपण होऊन डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात गेले आणि म्हणाले, आमचं पुढारपण घ्या. मागण्या होत्या पगारवाढ, बदली कामगारांना कायम करा, आणि हा बी.आय.आर. कायदा रद्द करा. आता बघा गंमत. अडीच लाख माणूस एका माणसाच्या मागं उभा आहे, हे आंधळ्यालाही दिसतंय. आणि सरकार म्हणतंय, बोलणी करायची तर मजदूर संघाशी. कायद्यानं सही त्यांचीच! रस्त्यावर माणसं एकाची, कागदावर सही दुसऱ्याची.

तुम्हां पोरांना वाटेल ही गिरणीची जुनी गोष्ट. मला तसं वाटत नाही. ही गोष्ट आपल्याला गिरणीच्या आधीपासून माहीत आहे. १९३१ साली गोलमेज परिषदेत गांधी उठून म्हणाले, अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी मी. बाबासाहेब समोर बसलेत, आणि प्रतिनिधी हे! पुढच्या वर्षी स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, ते येरवड्याच्या उपोषणानं काढून घेतले. जागा वाढवून मिळाल्या. पण माणूस आमचा आणि निवडणारे बहुतेक ते, अशी गाठ मारली. तेव्हापासून आपण ‘आमचा’ म्हणून जो निवडून येतो त्याच्या तोंडाकडं बघतोय, कुणाचं बोलणं बोलतो ते. पुणे करार आणि बी.आय.आर. कायदा एकाच माणसानं लिहिले नाहीत. पण लावलेलं कुलूप एकाच जातीचं आहे. म्हणून मी म्हणतो, प्रतिनिधित्वाचा प्रश्न दलिताला कुठल्या कामगार पुढाऱ्यानं शिकवायची गरज नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. १९४३ मध्ये, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्ती मांडली होती, मालकानं युनियनला मान्यता दिलीच पाहिजे अशी. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली. आणि अमलात? कधीच आणली नाही. कायदा पास, आणि फडताळात. मालकाला माझ्या युनियनशी बोलायला भाग पाडणारा कायदा धूळ खात पडला आणि दुसऱ्याची युनियन माझ्या डोक्यावर बसवणारा कायदा चाळीस वर्षं धडधडीत चालला. याला योगायोग म्हणणाऱ्याला माझा दंडवत.

संपात काय झालं ते लांबवत नाही. संप कुणी मागं घेतला नाही, तो नुसता विरत गेला. पण एक गोष्ट लेखांत येत नाही म्हणून सांगतो. संप लांबला तशी माणसं गावाकडं गेली. कोकणात, घाटावर. थोडी का होईना जमीन असलेला तिथं वर्ष काढू शकला. भाऊबंद भात देतील, नाचणी देतील. माझ्या बापाला गावात काय होतं? महारवाडा. जमीन नाही, वतन गेलेलं, आणि ते वतन तरी कसलं, गावाची मेलेली गुरं ओढायचं. तो दोन महिन्यांत परत आला. आई दादरला चार घरची धुणीभांडी करू लागली. चाळीतल्या एकानं बापाला ऐकवलं, तुमच्या लोकांना दम नाही, संपात टिकत नाहीत. बाप काही बोलला नाही. बाप कामावर परतला नाही, हेही सांगतो. पण ज्याच्या पोटाला गावची शेती नाही त्याचा संपाचा एक महिना दुसऱ्याच्या चार महिन्यांएवढा असतो, हा हिशेब कुठल्याच समितीनं मांडला नाही. एकजूट म्हणजे सगळ्यांनी सारखं उपाशी राहायचं. पण उपास सारखे नव्हते.

१९९१ ला परळची खोली विकून आम्ही तुळिंजला आलो. इथं तुमच्यातल्या निम्म्यांचे बाप तसेच आले. परळ, लालबाग, वरळी, नायगाव, तिथनं सुटलेला गिरणगाव रेल्वेरुळांच्या कडेनं इथवर सांडत आला. पाणी टँकरचं, रस्ता चिखलाचा, पण डोक्यावर छप्पर आपलं. बाप इथं वॉचमन झाला. मी वालीवला लागलो.

आता माझं सांगतो.

आमच्या कंपनीत कायम कामगार बासष्ट. कंत्राटी चाळीसच्या वर : लोडिंगवाले, पॅकिंगच्या बाया, झाडूवाल्या, संडास धुणाऱ्या. मुंबईची एक युनियन आली. नाव घेत नाही, सगळ्याच रंगांत तशा आहेत. पुढारी पांढऱ्या गाडीतनं उतरायचा, पावत्या फाडल्या, गेट मिटिंग झाली. पगारवाढीसाठी एकोणीस दिवस गेटवर बसलो. मी कमिटीत. पाचजणांत जयभीमवाला मी एकटा, त्याचा मला तोराही होता. त्या एकोणीस दिवसांत चहा करायला, सतरंज्या उचलायला, पोलीस आले की पुढं बसायला कोण होतं? कंत्राटी बाया. त्यांना वाटलं, ही आपली पण लढाई.

विसाव्या दिवशी पुढाऱ्यानं मुंबईत बोलावलं. करार टाइप होऊन तयार. तीन वर्षांत मिळून चौदाशे रुपये वाढ, फक्त कायम कामगारांना. कंत्राटींबद्दल एक ओळ नाही. मी विचारलं. पुढारी म्हणाला, ते आपल्या मस्टरवर नाहीत, कायद्यानं आपल्याला त्यांचं बोलता येत नाही, पुढच्या वेळी बघू. चौघांनी सह्या केल्या. पेन माझ्यासमोर आलं. मी पण केली.

गेटवर परत आलो. पेढे वाटले. तेव्हा या बाई पुढं आल्या. पेढा हातात तसाच. म्हणाल्या, “भाऊ, आम्ही पण एकोणीस दिवस बसलो की. कागदावर आमचं नाव कुठंय?”

दोन महिन्यांत कंत्राटदार बदलला. जुन्या अकरा बाया नव्या यादीत आल्या नाहीत. त्यातल्या नऊ आपल्या वस्तीतल्या. फरकाच्या पैशातनं मी घरावरचे पत्रे बदलले.

म्हणजे १९२८ ला विणाईखात्याच्या दारात जो उभा होता, तो मी झालो होतो. फक्त धोट्याच्या जागी मस्टर. पुढाऱ्याला शिव्या घालणं सोपं. तीन वर्षं मी तेच केलं. सही माझी होती.

कायद्यानं बोलता येत नाही, हे तेव्हा मी खरं मानलं. ते खोटं होतं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ आहे. सफाईचे कंत्राटी कामगार, बहुतेक आपलेच, दुष्काळानं गाव सोडलेले. महापालिका म्हणायची, हे आमचे कामगारच नव्हेत. कुठं कंत्राटदाराचे, कुठं संस्थेचे, कुठं तर ‘स्वयंसेवक’! शहराचा कचरा डोक्यावरनं वाहायचा आणि नाव स्वयंसेवक. युनियन काय म्हणाली? कंत्राट हेच ढोंग आहे, खरा मालक पालिका. कोर्टात लढली, वर्षानुवर्षं. २०१४ ला औद्योगिक न्यायाधिकरणानं कामगारांच्या बाजूनं निकाल दिला, आणि २०१७ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. २७०० माणसं कायम. त्यानंतरही यादीतल्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून कित्येकांना ताटकळत ठेवलं, तो भाग आहेच. कागद आपल्याशी असाच वागतो. पण बघा, ज्यांना मस्टरच नव्हतं त्यांची युनियन झाली, आणि मस्टर मिळवायलाच झाली.

आता तुमचं. तुमच्यात मोटारसायकलवर डबे पोचवणारे आहेत, सातिवलीला हेल्पर आहेत, पालिकेच्या घंटागाडीवर आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत. औद्योगिक संबंध संहितेत म्हटलंय, आस्थापनेच्या मस्टरवरच्या कामगारांपैकी ५१ टक्के ज्या युनियनमागं, तीच एकटी वाटाघाटी करणार. तेवढे कुणाकडंच नसले तर वीस-वीस टक्केवाल्यांची मिळून परिषद. ऐकायला बी.आय.आर.पेक्षा बरं, निदान निम्म्याहून जास्त तरी मागतायत. पण शब्द कुठला आलाय बघा : मस्टरवरच्या. शंभरातले सत्तर कंत्राटदाराच्या वहीत असतील तर उरलेल्या तिसातले सोळा म्हणजे ५१ टक्के! संपाला आधी चौदा दिवसांची नोटीस. निम्म्या माणसांनी मिळून रजा टाकली तरी तो संपच. आणि डबेवाल्या पोरांनो, तुम्हाला तर मालक-नोकर या नात्याच्या बाहेरच बसवलंय. सामाजिक सुरक्षेत तुमचं नाव घेतलंय, मागायच्या हक्कात नाही.

मग काय, आपली वेगळी युनियन काढायची? निळ्या झेंड्याची? हा प्रश्न चहाच्या टपरीवर रोज येतो, म्हणून सरळ बोलतो. निळा झेंडा लावलेली जीप कंत्राटदाराच्या ऑफिसबाहेर उभी राहिलेली मी बघितलीय. पाकीट घेऊन गेलेली पण बघितलीय. झेंड्याच्या रंगानं सही शुद्ध होत नाही. आणि गाळ्यात आपल्याबरोबर यूपीचा भय्या आहे, मुसलमान आहे, डहाणूकडचा वारली आहे. कंत्राटदार सगळ्यांना एकाच वहीत घालतो, आपण का सोडायचे? माझं मत, युनियन सगळ्यांची. पण सुरुवात संडास धुणाऱ्या बाईपासून. तिचं नाव पहिल्या पानावर नसेल तर ती युनियन काढूच नका, तेवढा वेळ क्रिकेट खेळा.

रुळांच्या पलीकडं सोपाऱ्याचा स्तूप आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. तुम्ही पौर्णिमेला मेणबत्ती लावून येता. संघ हा शब्द तिथला. भिक्खूंच्या संघात महत्त्वाचा ठराव असला की तो मांडून तीनतीनदा विचारायचे. कुणाची हरकत असेल तर बोला. गप्प राहिला तो कबूल. आपण हे घ्यावं, पण एक बदल करून. गेटवर गप्प राहणारा कबूल असतोच असं नाही, घाबरलेला असतो. म्हणून करार आधी गेटवर वाचायचा, मराठीत आणि हिंदीत, आणि हात वर करून नाही, चिठ्ठीनं मत घ्यायचं. कंत्राटी धरून. त्याशिवाय कमिटीतल्या कुणीही पेनाला हात लावायचा नाही. कायदा कंत्राटीचं मत मोजत नसेल, आपल्या वहीत तर मोजता येतं? सभासद फी प्रत्येकाकडनं, पाच रुपये का होईना, आणि पावती. पावती नसलेल्या माणसाला पुढारी ‘जनता’ म्हणतो. पावती असलेल्याला सभासद म्हणावं लागतं.

नोंदणीला कमीतकमी सात माणसं लागतात. मोठ्या ठिकाणी कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. आज इथं साठेक आहेत. किती खरे ते कळेल.

येत्या रविवारी सकाळी दहाला इथंच. रविवारची सुट्टी ज्यांना मिळते त्यांनी यावं. नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या सत्यशोधकानं झगडून ती १८९० साली गिरणी कामगाराला मिळवून दिली. तुमच्यातल्या निम्म्यांना ती अजून नाही हे मला माहीत आहे. त्यांनी रात्रपाळीनंतर यावं, चहा देऊ. पगाराची स्लिप आणा. स्लिप देत नसतील तर पैसे जमा झाल्याचा मोबाईलवरचा मेसेज आणा, गेटपास आणा, कंत्राटदाराचं नाव छापलेला शर्ट असेल तर तो आणा. तुम्ही तिथं काम करता याचा तोही पुरावा आहे.

रजिस्टर मी विकत आणलंय, दोनशे पानी. पहिल्या पानावरची पहिली ओळ मोकळी ठेवलीय. मागच्या रांगेतल्या बाईंना काल विचारलं. त्या म्हणाल्या, आधी तू कागद वाचून दाखव, मग बघू.

रविवारी वाचून दाखवतो. जयभीम.